पडदा खोटा असतो काय?

देवालयात नैवेद्याच्या वेळी गर्भगृहापुढे पडदा ओढला जातो. दुरून दर्शनास आलेला यात्रेकरूही त्या वेळी हात जोडून स्वस्थ उभा राहतो. आमच्यापासून काय लपविता, असे कोणी पुजाऱ्यास विचारीत नाही. विवाहात वधूवरांमध्ये अंतरपाट धरतात. तो कशासाठी आणि किती वेळ, हे मांडवातील लहान मुलासही ठाऊक असते. या पडद्यांना आजवर कोणी असत्य म्हटलेले नाही, आणि म्हणण्याचे कारणही नाही. पडदा म्हणजे लपवणूक आणि लपवणूक म्हणजे लबाडी, हे समीकरण मांडणारा मनुष्य आपल्या देवळात दोन दिवस राहिला तर त्याला ते पुसून टाकावे लागेल, असे मी पूर्वी मोठ्या विश्वासाने म्हणत असे. गेल्या वर्षी एका पडद्याने हा विश्वास डळमळीत केला. तो पडदा मीच मागून घेतलेला असल्यामुळे त्याविषयी लिहिणे मला भाग आहे.

आमच्या देवस्थानाच्या वाचनालयात एक जुना संगणक आहे. नव्या महागड्या प्रणालीचा भार त्याला पेलेना, तेव्हा अभियांत्रिकी शिकणाऱ्या एका मुलाने त्यावर लिनक्स बसवून दिली. हेलसिंकी येथील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली जिचा गाभा लिहून जगापुढे ठेवला आणि पुढे हजारो हातांनी जी वाढविली, ती ही प्रणाली. तिचे अंतरंग कोणासही वाचता येते, हा तिचा मोठा अभिमानाचा विषय. पुढे जे सांगावयाचे आहे त्यातील उपरोध ध्यानी यावा म्हणून एवढे सांगितले. या संगणकात ग्रंथांची यादी होती, अभिषेकाच्या नोंदी होत्या, आणि आमच्या गावच्या एका वृद्ध भजनीबुवांच्या आवाजाची ध्वनिमुद्रणे होती. बुवांना पालखीच्या वेळची जुनी पदे मुखोद्गत होती. ती कोठे लिहिलेली नव्हती. वाचनालयातील मंडळींनी तीन वर्षे दर एकादशीला त्यांना बसवून ती मुद्रित करून घेतली होती. बुवा आता हयात नाहीत.

यंत्र सुरू होताना काय घडते, हे थोडे समजून घेतले पाहिजे. संगणकाला जाग येते तेव्हा त्याला जवळजवळ काहीच ठाऊक नसते. आपली तबकडी कोठे आहे, ती कशी वाचावयाची, हेदेखील नाही. इंग्रजीत या क्रियेला जे नाव पडले आहे त्याचे मूळ, आपल्याच बुटाच्या पट्ट्या धरून आपल्याला उचलून घेण्याच्या कल्पनेत आहे, आणि ते यथार्थ आहे. प्रथम ग्रब नावाचा एक छोटा कार्यक्रम जागा होतो. तो लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, आणि त्याबरोबर एक लहानशी शिदोरी स्मृतीत आणून ठेवतो. मोठ्या तबकडीचे दार उघडण्यापुरती साधने त्या शिदोरीत बांधलेली असतात. तिला इनिट्रॅमएफएस असे उच्चारावयास अवघड नाव आहे, म्हणून मी शिदोरीच म्हणेन. दार उघडले की शिदोरीचे काम संपते आणि पुढील शेकडो लहानमोठी कामे सुरू होतात. हे सर्व चालू असता यंत्र आपण काय करीत आहोत ते ओळीमागून ओळ सांगत असते. काळ्या पाटीवर पांढरी अक्षरे झरझर वर सरकत जातात.

आरंभी आमच्या संगणकावर ती अक्षरे दिसत. वाचनालयात येणारी वयस्कर मंडळी त्यांना बिचकत. एका आजीबाईंनी तर यंत्रात काही शिरले आहे असे समजून कारकुनास हाक मारली. तेव्हा मी त्या मुलास म्हणालो, "हे झाकता येणार नाही का? एखादे प्रसन्न चित्र घाल." तो म्हणाला, "काका, सहज येईल." देवाचे चित्र घालावे असे कोणी सुचविले. त्यास मी हरकत घेतली. वीज गेली की विझणारे आणि मनुष्य कंटाळला की बटण दाबून घालविता येणारे चित्र हे देवाचे नसावे, असे माझे मत आहे. शेवटी समई ठरली. यंत्र जसजसे जागे होईल तसतशी तिची ज्योत मोठी होत जावी आणि पूर्ण तेवली की काम सुरू करावे, अशी योजना.

हे करून देणाऱ्या कार्यक्रमाचे नाव प्लिमथ. २००८ साली फेडोरा नामक लिनक्सच्या दहाव्या आवृत्तीत तो प्रथम आला आणि २०१० साली उबुंटूनेही तो स्वीकारला. ग्रबच्या आज्ञेत "क्वाएट" आणि "स्प्लॅश" असे दोन शब्द घातले की कर्नल आपले बोलणे आवरतो आणि प्लिमथ चित्राचा पडदा टाकतो. एस्केपची कळ दाबली की पडदा दूर होऊन मागील अक्षरे दिसू लागतात. ही कळ त्या मुलास ठाऊक होती. मला नव्हती, कारकुनास नव्हती, आजीबाईंना तर नव्हतीच.

समई सर्वांना आवडली. काही महिन्यांनी तर ती अधिकच आवडू लागली, कारण ज्योत पूर्वीपेक्षा संथपणे वाढू लागली होती. पूर्वी पाऊण मिनिटात तेवणारी समई दोन मिनिटे, पुढे तीन मिनिटे घेऊ लागली. आजीबाई म्हणाल्या, "दिवो सवकास पेटता, बरें दिसता." मलाही ते बरे दिसे. त्या तीन मिनिटांत मी डोळे मिटून बसत असे, हे येथे कबूल केले पाहिजे.

पुढे जत्रा जवळ आली. समईला झेंडूचे तोरण असलेले नवे चित्र घालावे असे ठरले. मुलाने ते घातले, चालू यंत्रावर करून पाहिले. चित्र सुरेख उमटले. दुसऱ्या दिवशी संगणक सुरू केला तो जुनीच समई! संध्याकाळी बंद करताना मात्र तोरणाची समई दिसली. सकाळी पुन्हा जुनी. उठताना जुने, निजताना नवे, असे चार दिवस चालले. एकाने अर्ध्या थट्टेने सुचविले की देवाला कौल लावून पाहावा. कौलावर माझी श्रद्धा आहे, म्हणूनच मी ते मानले नाही. मनुष्याच्या बुद्धीस जे वाचता येत नाही ते देवाला विचारावयाचे असते. येथे यंत्र स्वतःच बोलत होते आणि त्याचे तोंड आम्हीच बांधून ठेवले होते.

कोड्याची उकल त्या मुलाने शांतपणे केली, आणि तिच्यात शिकण्यासारखे पुष्कळ होते. बंद होताना प्लिमथ आपले चित्र मोठ्या तबकडीवरून उचलतो. तेथे नवे चित्र होते. सुरू होताना तबकडीचे दारच उघडलेले नसते, म्हणून तो शिदोरीत बांधलेले चित्र दाखवितो. आणि शिदोरी जुनीच होती. घरातील कोठारात नवे धान्य भरले तरी प्रवाशाच्या गाठोड्यात कालचीच भाकर असावी, तसे हे. उपाय सोपा: शिदोरी नव्याने बांधावयाची. ती बांधण्याची आज्ञा त्याने पहिल्याच दिवशी दिली होती. तिच्या उत्तरादाखल पुष्कळ ओळी आल्या, आणि त्यांतील शेवटच्या दोन न वाचताच त्याने खिडकी मिटली होती. या वेळी त्याने त्या वाचल्या. शिदोरी बांधली गेलीच नव्हती. एक फाइल तबकडीवरून वाचता येत नाही, असे यंत्राने स्पष्ट सांगितले होते.

मग त्याने ग्रबच्या यादीत ते दोन शब्द तेवढ्यापुरते खोडून यंत्र पुन्हा सुरू केले. समई गेली आणि अक्षरे आली. त्यांत पाच-सात ओळींच्या अंतराने एकच तक्रार पुनःपुन्हा येत होती: तबकडीवरील अमुक भाग वाचता येत नाही, पुन्हा प्रयत्न करतो. तबकडी झिजली होती. एकेक बिघडलेला भाग वाचण्यासाठी ती अनेकवार धडपडत होती, आणि त्या धडपडीला लागणारा वेळ म्हणजेच आम्हांस भावलेला तो ज्योतीचा संथपणा. मागच्या नोंदी चाळल्या तेव्हा ही तक्रार साडेपाच महिन्यांपूर्वी प्रथम उमटल्याचे आढळले. जे वाचले ते त्याच रात्री दुसऱ्या तबकडीवर उतरवून घेतले. बुवांच्या मुद्रणांपैकी दोन हाती लागली नाहीत. साडेपाच महिन्यांपूर्वी ती दोन्ही शाबूत होती, असे मानण्यास जागा आहे. त्यांची दुसरी प्रत आम्ही ठेवली नव्हती, हा दोष वेगळा आणि तोही आमचाच.

येथून पुढे त्या मुलाचा आणि माझा वाद आहे, आणि तो अद्याप मिटलेला नाही.

त्याचे म्हणणे असे की, प्लिमथने काहीही लपविले नाही. प्रत्येक ओळ नोंदवहीत जशीच्या तशी जपून ठेवलेली होती. एस्केप दाबली असती तर दिसली असती. ज्याला पाहावयाचे त्याला दार उघडे होते. न पाहणे हा पाहणाऱ्याचा दोष. शिवाय मोठे संकट आले तर हा पडदा अडवून धरीत नाही. कुलूपबंद तबकडीसाठी परवलीचा शब्द हवा असेल तर तो समईखालीच विचारतो, आणि मुख्य तबकडीचे दार उघडेनाच झाले तर यंत्र चित्र टाकून देऊन उघड्या अक्षरांवर येते. हे सर्व खरे आहे. परंतु मृत्यूची वर्दी देणाऱ्या व्यवस्थेस आजाराची वर्दी देता येत नसेल, तर ती व्यवस्था प्रामाणिक आहे असे म्हणताना माझी जीभ थोडी अडखळते.

आणि आणखी एक गोष्ट त्यानेच मला सांगितली, जी मला सर्वांत अधिक बोचली. ज्योत किती वाढवावी हे प्लिमथ कशावरून ठरवितो? यंत्राचे किती काम उरले आहे, हे त्याला नेमके ठाऊक नसते. मागील वेळी सुरू होण्यास किती वेळ लागला याची नोंद तो एका फाइलमध्ये ठेवतो आणि त्या मापाने आजची ज्योत वाढवितो. म्हणजे काल दोन मिनिटे लागली असतील तर आज दोन मिनिटे हीच रीत. उद्या सव्वादोन लागली तर परवा तीच रीत. बिघाड जितका हळूहळू वाढेल तितकी त्याची सवय त्या पडद्याच्या अंगी मुरत जाईल, आणि ज्योत रोज तितक्याच डौलाने पूर्ण तेवेल. मला हे ऐकताना यंत्रापेक्षा माणसांची अधिक आठवण झाली. एखाद्या संस्थेत दरवर्षी थोडी अधिक ढिलाई होते, आणि प्रत्येक वर्षीचा अहवाल मागील वर्षाशी ताडून "समाधानकारक" ठरतो. अशा अहवालांवर मी स्वतः सह्या केल्या आहेत.

तर मग सगळे पडदे काढून टाकावेत काय? त्या रात्री मला तसे वाटले होते. सकाळी वाटेनासे झाले. समई काढून टाकल्यावर आठवडाभर यंत्र उघड्या अक्षरांनी सुरू होत होते, आणि त्या आठवड्यात मी ती अक्षरे वाचली काय? नाही. डोळ्यांपुढून शेकडो ओळी अशा वेगाने जातात की त्यांतील एक वेगळी ओळखणे जाणत्यासही कठीण. बहुतेकींच्या आरंभी "ओके" असते, आणि दहा वेळा ओके वाचल्यावर अकरावी ओळ मनुष्य वाचतच नाही. तो मुलगा तर ही भाषा जाणणारा. तरी शिदोरीच्या दोन ओळी त्याच्याकडूनही सुटल्याच होत्या, आणि तेथे कोणतीच समई आड आली नव्हती. न वाचता येण्याजोग्या वेगाने ओतलेले सत्य हाही एक पडदाच आहे. फक्त तो टाकणाऱ्यास आपण काही झाकले असे वाटत नाही, एवढाच फरक. वार्षिक सभेत साठ पानांचा हिशेब पहिल्या पाच मिनिटांत वाटून पुढच्या पाच मिनिटांत मंजूर करून घेणारे चिटणीस हे तत्त्व उत्तम जाणतात.

लपविणे हे स्वतः पाप नव्हे, याची साक्ष आपल्या भूमीइतकी दुसऱ्या कोणत्या भूमीने द्यावी? सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेने देवळे पाडण्यास आरंभ केला तेव्हा आपल्या पूर्वजांनी दैवते उचलून नदीपार नेली. १५६० च्या सुमारास कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास आला. केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आली. त्या वेळी ज्यांनी देव लपविले त्यांना असत्यवादी म्हणणारी जीभ झडेल. परंतु तेथे लपविणे होते ते कोणापासून? जो तोडणार होता त्याच्यापासून. आणि लपविलेले जपून ठेवले ते ज्यांचे होते त्यांच्यासाठी. आमच्या समईने नेमके याच्या उलट केले. ज्यांचे ते मुद्रण होते त्यांच्यापासूनच त्याचा ऱ्हास झाकून ठेवला.

नैवेद्याच्या पडद्याकडे मी आता पुन्हा पाहतो तेव्हा त्यातील तीन गोष्टी मला जाणवतात, ज्या पूर्वी गृहीत धरलेल्या होत्या. बाहेर उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते की हा पडदा आहे; त्याला भिंत किंवा देव समजण्याची चूक कोणी करीत नाही. त्याच्या आत कोणी तरी जागा असतो. पुजाऱ्याची नजर बाहेरच्यांच्या वतीने आत असते. आणि तो ठरल्या वेळी उघडतो. यांतील पहिले आमच्या समईपाशी नव्हते, कारण आम्ही चित्रालाच यंत्राची अवस्था समजत होतो. दुसरे नव्हते, कारण तो मुलगा परीक्षेसाठी शहरात गेल्यावर पडद्याआड पाहणारे कोणी उरले नव्हते. तिसऱ्याचा तर प्रश्नच नव्हता. ईशावास्योपनिषदातील ऋषी सोन्याच्या झाकणाविषयी पूषन् देवास प्रार्थना करतो, तेव्हा झाकण सोन्याचे का झाले याबद्दल तो कुरकुरत नाही. ते दूर कर, एवढेच मागतो. मागावयाचे आहे हे त्याला कळले होते, ही त्याची थोरवी. आम्हांस झाकण आहे हेच विसरावयास झाले होते, कारण ते सुंदर होते आणि आम्हीच घडविले होते.

मुलगा यावर हसून म्हणतो, "काका, तुम्ही एका चित्राला फार मोठे केले. तबकडी जुनी होती, ती गेली." असेल. पण चित्राने तबकडी बिघडविली असे माझे म्हणणेच नाही. यंत्राने साडेपाच महिने सत्य सांगितले आणि आम्ही त्याच्या तोंडावर दिवा ठेवला, इतकेच मी म्हणतो. तो ठेवताना हेतू चांगला होता. वृद्धांना भय वाटू नये, हा हेतू आजही मला वाईट वाटत नाही. तरीही चांगल्या हेतूने टाकलेल्या पडद्याची राखण कोणी करावयाची हे टाकतानाच ठरले पाहिजे होते, आणि ते ठरविण्याचे काम चित्र मागणाऱ्याचे, म्हणजे माझे होते. करून देणाऱ्याचे नव्हे. या एका मुद्द्यावर आमच्या वादात मी त्या मुलाची बाजू घेतो आणि तो माझी घेतो. वयाच्या मानाने त्याचे हे वागणे मोठे आहे.

नवी तबकडी घेतली, लिनक्स नव्याने बसविली, बुवांची उरलेली मुद्रणे तीन ठिकाणी ठेवली. समई परत आणली, तोरणासह. संगणकाच्या कडेला देवनागरीत लिहिलेली एक चिठ्ठी डकविली आहे: चित्राआड पाहावयाचे असल्यास डाव्या कोपऱ्यातील वरची कळ दाबावी. दर एकादशीला कारकून ते दोन शब्द खोडून यंत्र सुरू करतो आणि मागाहून नोंदवहीतील केवळ चुकांच्या ओळी वेगळ्या काढून वाचतो. त्या थोड्याच असतात, आणि थोड्या असल्यामुळे वाचल्या जातात. कशाचा अर्थ लागला नाही तर तो मुलास दूरध्वनी करतो.

पहिल्या दिवशी मात्र एक गंमत झाली. नव्या तबकडीवर कालची नोंदच नव्हती, त्यामुळे ज्योत कोणत्या मापाने वाढवावी हे प्लिमथला नीट ठरविता आले नाही. यंत्र त्याच्या अंदाजापेक्षा फार लवकर जागे झाले. समई जेमतेम पाव तेवली होती तोच चित्र नाहीसे होऊन काम करण्याचा पट पुढे आला. आजीबाई खुर्ची ओढून बसल्याच होत्या. त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आयज दिवो पुराय पेटूंकूच ना रे!"